अपीलच्या वकिलाने एकही मुद्दा मांडला नाही, आता काय?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"काकू नमस्कार, मी कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोजवळ राहते, नाव छापू नका. माझ्या धाकट्या भावाला अडीच वर्षांपूर्वी एका बारच्या पार्किंगमधल्या मारामारीत अटक झाली, समोरच्या माणसाचा जबडा मोडला होता. भावाचं म्हणणं पहिला हात त्याने उचलला नाही. ज्युरीने दोषी ठरवलं, जजने ६ वर्षं दिली, ३ गुन्ह्याची आणि ३ गंभीर दुखापतीची. बेल झाली नव्हती, तो अटकेपासून आतच आहे. होते ते पैसे ट्रायलमधेच संपले म्हणून अपीलला कोर्टाने वकील दिली. आता त्या वकीलबाईंचं पत्र आलंय की त्यांनी 'वेंडे ब्रीफ' (ब्रीफ म्हणजे अपील कोर्टाला द्यायचं लेखी म्हणणं) फाइल केलं, त्यात एकही मुद्दा नाही, फक्त कोर्टाने स्वतः रेकॉर्ड तपासावं एवढीच विनंती. भावाला हवं तर त्याने ३० दिवसांत स्वतः लिहावं म्हणे. माझे मिस्टर म्हणतात ती डीएला (सरकारी वकिलाला) मिळालेली आहे. सांगलीहून बाबा म्हणतात फ्लॅट विकू पण मोठा वकील कर, हायकोर्टात सगळं परत मांडता येतं. भाऊ फोनवर म्हणाला, ताई संपलं, सोड आता. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा एक मित्र तिथेच उभा होता, त्याने सगळं बघितलं, पण ट्रायलच्या वकिलाने त्याला साक्षीला बोलावलंच नाही आणि अपीलवालीही म्हणते मी यात काही करू शकत नाही. काय करू?"

अगं, आधी कॅलेंडर काढ. वकीलबाईंचं पत्र तुझ्या हातात कधी पडलं ते सोड, ब्रीफवर कोर्टाचा फाइल केल्याचा शिक्का कुठल्या तारखेचा आहे ते बघ. तुमचं कोर्ट म्हणजे थर्ड डिस्ट्रिक्ट कोर्ट ऑफ अपील, सॅक्रॅमेंटोतलंच, आणि तिथे ते ३० दिवस ओपनिंग ब्रीफ, म्हणजे हेच वेंडे ब्रीफ, फाइल झालेल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पोस्टात आणि जेलच्या मेलरूममधे गेलेले दिवसही त्यातच मोजले जातायत. वेळ कमी पडेल असं वाटलं तर मुदत वाढवून मागता येते, पण ती मुदत संपायच्या आत, आणि भावाच्या सहीने. मी तुझी वकील नाही आणि फाइल काही मी बघितलेली नाही, पण अपीलच्या कामात बरीच वर्षं गेलीयत माझी आणि असं पत्र आल्यावर घराघरात काय होतं ते मला चांगलं माहितीये. पहिले दोन आठवडे वकिलाला शिव्या देण्यात जातात, तिसरा पैसे कुठून आणायचे यात, आणि चौथ्यात कुणीतरी रात्री जागून दहा पानं लिहून काढतं की माझा भाऊ किती चांगला मुलगा आहे. तसं तुमचं होऊ नये म्हणून लगेच लिहितेय.

मिस्टरांचं आधी बघू. हे कोर्टाने दिलेले वकील डीएचे कुणी लागत नाहीत, त्यांचं काम एका वेगळ्या ऑफिसमार्फत चालतं, तुमच्या भागात त्याला सेंट्रल कॅलिफोर्निया अपेलेट प्रोग्रॅम म्हणतात. आणि वेंडे ब्रीफ टाकण्याआधी साधारणपणे तिथला एखादा अनुभवी वकीलही रेकॉर्डवर नजर टाकतो, की बाई काही सुटलं तर नाही ना. म्हणजे तुझ्या भावाच्या ट्रायलचं रेकॉर्ड बहुतेक एकापेक्षा जास्त वकिलांनी बघून झालंय. ते चुकूच शकत नाहीत असं मी म्हणत नाहीये, चुकतात, आणि म्हणूनच तर ही सगळी पद्धत बनलीये. पण मिळालेली वगैरे ते डोक्यातून काढा, कारण त्या बाई अजूनही भावाच्याच वकील आहेत आणि पुढच्या महिनाभरात तुम्हाला त्यांच्याकडून बरंच काही विचारून घ्यायचंय.

ही पद्धत आली कुठून ते सांगते, कारण ते कळलं की त्या ३० दिवसांची किंमत कळते. चार्ली अँडर्स नावाचा एक माणूस होता, कॅलिफोर्नियातलाच, मारिजुआना बाळगल्याबद्दल शिक्षा झालेली. गरीब, म्हणून अपीलला कोर्टाने वकील दिला. त्या वकिलाने रेकॉर्ड वाचलं, आणि कोर्टाला एक साधं पत्र पाठवून दिलं की या अपीलात काही दम नाही, मी ब्रीफ देणार नाही. बस. अँडर्सने दुसरा वकील मागितला, कोर्टाने दिला नाही, मग त्याने बिचाऱ्याने स्वतःच लिहून दिलं आणि अपील फेटाळलं गेलं. तो पुढे कित्येक वर्षांनी ते प्रकरण घेऊन थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६७ मधे कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की हे चालणार नाही. पैसेवाल्याचा वकील असं दोन ओळींचं पत्र देऊन निघून जातो का? नाही ना. मग गरिबालाच का? त्याआधी १९६३ मधे डग्लस नावाच्या केसमधे याच कोर्टाने ठरवलं होतं की पहिल्या अपीलला गरीब आरोपीला वकील द्यायलाच हवा, आणि अँडर्समधे पुढचं सांगितलं की नुसता नावाला वकील उपयोगाचा नाही. वकिलाला मुद्दा सापडला नाही तरी त्याने रेकॉर्डमधलं जे काही अपीलाच्या बाजूने जाऊ शकेल ते दाखवत ब्रीफ द्यायचं, त्याची कॉपी अशिलाला द्यायची, अशिलाला स्वतःचे मुद्दे मांडायला वेळ द्यायचा, आणि मग अख्खं रेकॉर्ड तपासून अपीलात खरंच काही नाही का हे ठरवायचं ते कोर्टाने. वकिलाने नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे बघ.

कॅलिफोर्नियाने मग १९७९ मधे वेंडे नावाच्या केसमधे आपली वेगळी रीत बसवली. इथे वकील कोर्टाला "अपील पोकळ आहे" असं म्हणत नाही, कारण आपल्याच अशिलाच्या विरोधात वकिलाने का बोलायचं? तो केसची हकीकत रेकॉर्डच्या पानांसकट लिहून देतो, मुद्दा मांडत नाही, गप्प राहतो, आणि कोर्टाला म्हणतो की तुम्ही पूर्ण रेकॉर्ड तपासा. केस सोडूनही जात नाही, कोर्टाने काही विचारलं तर हजर असतो. ही रीत घटनेला धरून आहे का यावर परत सुप्रीम कोर्टात भांडण झालं, रॉबिन्स नावाच्या कैद्याची केस, आणि २००० मधे ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला की चालेल, राज्यांनी आपापली पद्धत ठरवावी, फक्त गरिबाच्या अपीलाकडे नीट बघितलं जायला हवं. एका मताने वाचलेली पद्धत आहे ही, त्यामुळे ज्यांना ही पद्धत कमी वाटते ते काही वेडे नाहीत. आयडाहो तर कितीतरी आधीपासून म्हणतं की मुद्दा नाही म्हणून वकिलाने अंग काढून घ्यायचंच नाही, आणि ऑरेगनमधे ब्रीफचे दोन भाग असतात, एक वकिलाचा आणि एक अशिलाला जे म्हणायचंय त्याचा. मला स्वतःला ऑरेगनचं जास्त पटतं, निदान माणसाला आपलं म्हणणं लिहायला कुणाची तरी मदत मिळते. पण तुझा भाऊ कॅलिफोर्नियात आहे तेव्हा इथलंच बघू.

आता ऐक. एरवी, म्हणजे वकिलाने दोन-तीन मुद्दे मांडून नेहमीसारखं ब्रीफ दिलं असतं ना, तर तुझ्या भावाला अपील कोर्टात एक अक्षरही स्वतःचं घालता आलं नसतं. वकील असलेल्या आरोपीने कोर्टाला परस्पर लिहिलं तर कोर्ट ते घेत नाही, वकिलाकडे पाठवून देतं. वेंडे ब्रीफ आलं की मात्र ते दार उघडतं. आणि २००६ मधे कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने केली नावाच्या केसमधे सांगून ठेवलंय की आरोपीने असं स्वतः काही लिहून दिलं असेल तर अपील कोर्टाने निकालात त्याच्या प्रत्येक मुद्द्याची नोंद घ्यायची आणि तो का टिकत नाही ते थोडक्यात लिहायचं. तीन जजचं बेंच असतं. म्हणजे भाऊ जे "संपलं" म्हणतोय, त्याच टप्प्यावर त्याने स्वतः विचारलेल्या प्रश्नाला तीन जजना लेखी उत्तर द्यावं लागणारे. आणि तो हेच सोडून देतोय! त्याने काही नाही लिहिलं तरी कोर्ट रेकॉर्ड तपासेलच, तो त्याचा हक्क आहे कारण हे त्याचं पहिलं अपील आहे. (पुढे कधी वेगळ्या कायद्याखाली शिक्षा कमी करायचा अर्ज केला आणि तो फेटाळला, तर त्याच्या अपीलात हा हक्क आपोआप नसतो, २०२२ च्या डेल्गाडिलो निकालानंतर तिथे आरोपीने काहीच लिहिलं नाही तर अपील सोडून दिलं असं धरूनही कोर्ट मोकळं होऊ शकतं. आत कुणी सांगत असेल की आत्ता राहू दे, नंतर बघू, तर त्याला हे सांग.)

खोटी आशा मात्र देणार नाही. वेंडे ब्रीफ आलेल्या बहुतेक अपीलांत निकाल दोन-चार पानांचा येतो आणि शिक्षा कायम होते. म्हणून त्या ३० दिवसांत काय लिहायचं आणि काय नाही हे नीट समजून घे, कारण बाबांनी जे म्हटलंय ना, हायकोर्टात सगळं परत मांडता येतं, तिथेच आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गफलत होते. बाबा त्यांच्या जागी बरोबर आहेत. आपल्याकडे सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली आणि अपील मुंबई हायकोर्टात गेलं की हायकोर्ट पुरावा परत तोलू शकतं, हा साक्षीदार विश्वास ठेवण्यासारखा नाही असं स्वतः म्हणू शकतं. आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने बनी सिंग केसमधे १९९६ साली सांगितलंय की आरोपीचा वकील हजरच नसला तरी अपील तेवढ्यासाठी फेटाळायचं नाही, रेकॉर्ड बघून गुणवत्तेवरच निकाल द्यायचा. पण आपल्याकडे ज्युरी नाही. इथे कोण खरं बोललं हे ज्युरी ठरवते आणि अपील कोर्ट त्यात हात घालत नाही. ते एवढंच बघतं की ज्युरीला ज्या पुराव्यावर असा निकाल देता आला असता तो रेकॉर्डमधे आहे का, आणि त्याला एका माणसाची साक्षही पुरते, ती अगदीच अशक्य कोटीतली नसली की झालं. तेव्हा "तो साक्षीदार खोटं बोलला, ज्युरीने ऐकायला नको होतं" यावर पानं खर्च करू नका. भावाला कितीही खरं वाटत असलं, आणि ते खरं असलं, तरी या कोर्टात त्याचं काही होत नाही.

मग कशाचं होतं? कायद्यात चूक झाली आणि ती रेकॉर्डमधे दिसते, आणि तिच्यामुळे फरक पडला असता. तुला ट्रायलच्या रेकॉर्डचा जो गठ्ठा आलाय त्यात दोन प्रकार असतील, क्लार्क्स ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे कोर्टात दाखल झालेले कागद, अर्ज, ज्युरीला दिलेल्या सूचना, निकालाचे फॉर्म, आणि रिपोर्टर्स ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे कोर्टात बोललेला शब्द न शब्द. पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस, दमून जाशील. आधी ज्युरीच्या सूचना काढ. भाऊ म्हणतो पहिला हात त्याचा नव्हता, म्हणजे बचाव स्वसंरक्षणाचा होता, तर स्वसंरक्षणाची सूचना जजने ज्युरीला वाचून दाखवली का? कॅलिफोर्नियाच्या ठरीव ज्युरी-सूचनांमधे (कॅलक्रिम) तिचा नंबर ३४७० आहे. तो बचाव घेतलेला असेल आणि त्याला आधार देणारा पुरेसा पुरावा आला असेल तर कुणी मागितली नाही तरी ती सूचना जजने आपणहून द्यायला हवी. मग बघ, साध्या असॉल्टचा (हल्ल्याचा) पर्याय ज्युरीपुढे ठेवला होता का, कारण मोठ्या गुन्ह्यात सामावलेला लहान गुन्हा पुराव्यात बसत असेल तर तोही ज्युरीला सांगायची जबाबदारी जजचीच. "गंभीर दुखापत" याची व्याख्या वाचली का, निकालाच्या फॉर्मवर ते वेगळं सिद्ध झालं म्हणून लिहिलंय का, कारण त्याच्यावरच ३ वर्षं उभी आहेत. ज्युरीने आत बसून एखादी चिठ्ठी पाठवून काही विचारलं होतं का, आणि जजने काय उत्तर दिलं. ही चिठ्ठी क्लार्क्स ट्रान्स्क्रिप्टमधे असते आणि खूप काही सांगून जाते, ज्युरी नेमकी कुठे अडली होती ते कळतं.

मग ऑब्जेक्शन. डीए शेवटच्या भाषणात काही वाट्टेल ते बोलला असं भाऊ म्हणेल, सगळेच म्हणतात, आणि कधीकधी खरंच बोललेला असतो. पण त्याच वेळी भावाचा वकील उठून "ऑब्जेक्शन" म्हणाला का ते त्या पानावर शोध. नाही म्हणाला तर तो मुद्दा बहुतेक गेला, अपील कोर्ट म्हणतं खालच्या कोर्टाला सुधारायची संधीच दिली नव्हती. पान नंबर लिहून ठेव तरीही, पुढे सांगते कशाला.

आणि शिक्षेचा दिवस. इथे मात्र अगदी बारीक बघ, वेंडेच्या तपासणीत काही सापडलंच तर ते बरेचदा इथे सापडतं. जज तोंडाने काय बोलले ते रिपोर्टर्स ट्रान्स्क्रिप्टमधे असतं, आणि जेलला जो कागद जातो तो अॅबस्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट, सीआर-२९० नावाचा फॉर्म, क्लार्कने भरलेला. दोन्ही शेजारी ठेव. जुळत नसतील तर जजचं बोलणं धरलं जातं. मग क्रेडिट, म्हणजे निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात ते. अटकेचा दिवस पूर्ण धरायचा आणि शिक्षा सुनावली तो दिवसही पूर्ण धरायचा, अर्धवट असला तरी. गंभीर दुखापत सिद्ध झाल्यामुळे हा हिंसक गुन्हा धरला जातो, म्हणून चांगल्या वर्तणुकीचे दिवस त्याला जास्तीत जास्त १५ टक्केच मिळणार. उदाहरणादाखल समज ४१२ दिवस आत होता, तर १५ टक्के म्हणजे ६१.८, वरचा तुकडा सोडून ६१ धरायचे, एकूण ४७३. आता तुमचे आकडे घेऊन बस आणि फॉर्मवर काय लिहिलंय ते बघ. चार दिवस कमी लागले असतील तर ते चार दिवस भावाचे आहेत. (नुसती क्रेडिटची चूक असेल तर ती आधी ट्रायल कोर्टाकडे मागावी लागते, ते वकीलबाई एका पत्राने करू शकतात.)

पण थांब, एक धोका आहे. दिवस जास्त लागलेले दिसले, किंवा शिक्षेत जजने कायद्याने द्यायलाच हवं असं काही द्यायचं राहिलेलं दिसलं, तर ते भावाच्या पत्रात लिहू नका. कायद्यात बसत नाही अशी शिक्षा कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं आणि ती वाढूही शकते. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिक्षेबद्दल काहीही लिहायच्या आधी वकीलबाईंना फोन करून विचार, हे काढलं तर उलटेल का? कधीकधी वकील मुद्दा मांडत नाही त्यामागे हेच कारण असतं आणि ते त्याला ब्रीफमधे लिहिता येत नाही.

आता मित्राचं. तुझा सगळा जीव तिथे अडकलाय ते कळतंय मला, आणि वकीलबाई जे म्हणाल्या ते खरंय, अपीलात यात काही करता येत नाही. कारण मित्र साक्षीला आलाच नाही, मग त्याने काय बघितलं हे रेकॉर्डमधे कुठे असणार? अपील कोर्ट रेकॉर्डच्या बाहेरचं वाचतच नाही. पण याचा अर्थ तो मुद्दा मेला असा नाही, त्याची जागा वेगळी आहे. त्यासाठी हेबियस कॉर्पस पिटिशन, म्हणजे माणसाला आत ठेवणंच बेकायदा आहे असा अर्ज, करतात, साधारणपणे आधी सुपीरियर कोर्टात म्हणजे जिथे ट्रायल झाली तिथेच, आणि त्यात बाहेरचा पुरावा जोडता येतो. म्हणणं असं की ट्रायलचा वकील नीट वागला नाही. १९८४ च्या स्ट्रिकलंड केसपासून त्यात दोन गोष्टी दाखवाव्या लागतात, एक तर वकिलाचं काम समंजस वकिलाला शोभणार नाही असं होतं, आणि दुसरं, ते नीट झालं असतं तर निकाल वेगळा लागण्याची बऱ्यापैकी शक्यता होती. दोन्ही. वरचं ऑब्जेक्शन न घेतल्याचं पान नंबर ठेव म्हटलं ते इथेच लागू शकतं.

मित्राला भेट, आणि लगेच भेट, माणसं गाव सोडतात, विसरतात. त्याने काय बघितलं, कुठे उभा होता, उजेड किती होता, दोघांत पहिला कोण सरसावला, हे त्याच्याच शब्दांत त्याने लिहून द्यायला हवं, खोटं असल्यास शिक्षा होईल हे मान्य करून सही केलेलं डिक्लरेशन. शिवाय ट्रायलच्या वेळी तो कुठे होता, बोलावलं असतं तर आला असता का, वकिलाने किंवा त्याच्या इन्व्हेस्टिगेटरने त्याला कधी फोन केला होता का. तू त्याला शब्द देऊ नकोस, काय लिहायचं ते सुचवू नकोस, नाहीतर उद्या डीए म्हणेल बहिणीने लिहून घेतलं. शक्य असेल तर हे काम वकील किंवा इन्व्हेस्टिगेटर यांच्याकडूनच करून घे. आणि ट्रायलच्या वकिलाला विचारायला लागेल की का नाही बोलावलं, कारण कधीकधी कारण असतं, मित्र प्यायलेला होता, किंवा पोलिसांना आधी त्याने वेगळंच सांगितलं होतं आणि उलटतपासणीत तो भावालाच बुडवून गेला असता. कोर्ट हे विचारणारच, म्हणून तुला ते आधी माहीत असायला हवं. हेबियससाठी कोर्ट सुरुवातीलाच वकील देत नाही, पिटिशन वाचून कोर्टाला दम वाटला आणि समोरच्यांना उत्तर द्यायचा आदेश काढला की मगच. मात्र अपील चालू असतानाही हेबियस करता येतं, आणि उगाच उशीर केला तर तेच कारण सांगून नाकारतात.

म्हणून बाबांना सांग, फ्लॅट आत्ता विकू नका. वेंडे ब्रीफ पडल्यावर मोठी रक्कम घेऊन "मी अपील परत उभं करतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एकच विचारायचं, रेकॉर्डच्या कुठल्या पानावर कुठली चूक आहे ते सांगा. पान सांगता आलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत. पैसे लागलेच तर ते मित्राच्या साक्षीच्या कामाला लागतील, हेबियसच्या वकिलाला, इन्व्हेस्टिगेटरला, आणि त्यासाठी आधी मित्र काय म्हणतो ते तरी कळू दे.

भावाचं पत्र कसं असावं ते सांगते. वर केस नंबर, थर्ड डिस्ट्रिक्टचे नंबर सी अक्षराने सुरू होतात, त्याचं नाव, आणि हे सप्लिमेंटल ब्रीफ (पुरवणी ब्रीफ) आहे असं स्पष्ट. मग मुद्दे, दोन असले तर दोनच, दहा ओढूनताणून नकोत. प्रत्येकात काय चुकलं, कुठल्या पानावर, आणि त्यामुळे काय फरक पडला. कायद्याची भाषा नाही आली तरी चालेल, जज लोकांना ती येते, त्यांना जागा दाखवली की पुरे. तू टाइप करून देऊ शकतेस, पानं शोधून देऊ शकतेस, पण त्याच्या वतीने तू कोर्टात लिहू शकत नाहीस, तू वकील नाहीस, म्हणून मुद्दे त्याचे आणि सही त्याची. तो आतून पोस्ट करणार असेल तर जेलच्या अधिकाऱ्याच्या हातात ज्या दिवशी दिलं तोच फाइल केल्याचा दिवस धरतात, तर तारीख लिहून ठेवायला सांग आणि नोंद करून घ्यायला सांग. आणि हे फोनवर बोलू नका! जेलचे फोन रेकॉर्ड होतात, तू पाठवलेली पत्रंही उघडली जातात. त्या रात्री काय झालं, मित्र काय म्हणाला, हे फक्त वकिलाच्या पत्रातून किंवा वकिलाच्या भेटीत.

कोर्टाला तपासताना एखादा मुद्दा वादाचा वाटला तर ते स्वतःच निकाल देऊन मोकळं होत नाही, दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्यावर लिहायला सांगतं. १९८८ मधे ओहायोच्या पेन्सन केसमधे हेच झालं होतं, कोर्टाला वादाचे मुद्दे दिसले पण आरोपीला वकील न देताच कोर्टाने ते निकाली काढले, आणि सुप्रीम कोर्टाने तो निकाल उलटवला. त्यामुळे वकीलबाईंना कोर्टाकडून असं काही पत्र आलं तर ती चांगली खूण समज.

आणि निकाल विरोधात गेला तर तारखा अशा. फेरविचार मागायचा तर निकालापासून १५ दिवसांत. अपील कोर्टाचा निकाल ३० दिवसांनी पक्का होतो, आणि त्यानंतरच्या १० दिवसांत कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाकडे पिटिशन फॉर रिव्ह्यू जायला हवं, म्हणजे ३१ ते ४० हे दिवस, एक दिवस उशीर झाला की अडचण. ते पिटिशन मंजूर होणं फार कठीण असतं, तरी करायचं, कारण पुढे कधी फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात जायचं असेल तर तो मुद्दा आधी राज्याच्या सर्वोच्च कोर्टापुढे ठेवलेला लागतो, आणि नुसतं तेवढ्यासाठी एक छोटं पिटिशनही चालतं. फेडरल हेबियसला एक वर्षाची मुदत आहे आणि तिचं घड्याळ कधी सुरू होतं, कधी थांबतं हे किचकट आहे, ते लेखी विचारून घे. भाऊ ग्रीन कार्डवर असेल तर इमिग्रेशनचा वकील वेगळा, आणि तो आत्ताच गाठ, हे क्रिमिनल अपीलवाले त्यात पडत नाहीत.

वकीलबाईंना आज मेल टाक, भांडण नको, चार प्रश्न पुरेत: ३० दिवस नेमके कुठल्या तारखेला संपतात, तुम्ही कुठल्या मुद्द्यांचा विचार केला आणि ते का सोडले, शिक्षेबद्दल काही काढलं तर उलटू शकतं का, आणि मित्राच्या साक्षीसाठी हेबियस करायचं तर तुमच्या ऑफिसकडून काही मदत किंवा नाव मिळेल का. केस भावाची असल्यामुळे काही गोष्टी त्या तुला सांगणार नाहीत, तेव्हा भावाकडून तुझ्याशी बोलायला हरकत नाही अशी लेखी परवानगी त्यांना पाठवायला सांग, आणि ती तुझ्या मेलच्या आधी पोचली तर उत्तम.